कुठल्या देवळात गं?

अॅरिझोनातल्या चँडलरमध्ये ऑक्टोबर आधी नाकाला कळतो. उन्हाळ्याने करपलेल्या हिरवळी लोक खरवडून काढतात, त्यावर हिवाळी गवताचं बी फेकतात आणि वरून शेणखताचा पातळ थर पसरतात. उष्म्यामुळे महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या खिडक्या नेमक्या त्याच आठवड्यात उघडाव्याशा वाटतात. मग आमच्या या चकचकीत वसाहतीत, जिथे दर दोन घरांआड एक चिप बनवणारा इंजिनिअर राहतो, गोठ्याचा वास भरून राहतो. शेजारची अमेरिकन बाई दरवर्षी माझ्याकडे त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करते, जणू तो तिनेच केला आहे. मी म्हणते, असू दे, मला बरा वाटतो.

यंदा त्याच आठवड्यात माझ्या नातीने, मैत्रीने, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावाहून पानांचे फोटो पाठवले. लाल, पिवळी, मधूनच एखादं अर्धं हिरवं. कॅम्पसच्या बसची काच, काचेवर पाऊस, पलीकडे दगडी चर्चचा कोपरा. तो कोपरा मी ओळखला. त्याच्या आत, मागच्या खोलीत, एक रेडिएटर होता आणि तो तापायला लागला की आत कुणी हातोडी मारतंय असा आवाज करायचा. फोटोत रेडिएटर नव्हता, पण मला तो ऐकू आला.

फोटोंच्या पाठोपाठ एक लिंक आली आणि लिंकखाली मैत्रीचा निरोप. "आजी, ओ माय गॉड. यू वर अ टेम्पल सिंगर? हाउ डिड आय नॉट नो धिस?" पुढे असं, की तिच्या कॉलेजातल्या भारतीय विद्यार्थ्यांचा एक कार्यक्रम आहे, त्यात प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे, आणि ती माझ्याबद्दल बोलणार आहे. देवळात गाणाऱ्या आजीबद्दल.

मुलांनो, म्हणून हे लिहिते आहे. मैत्रीशी फोनवर थोडं बोलणं झालं आहे. राहुल, तुला तिकडे प्लेनोत आईबाबांकडे बसून यातलं काहीच माहीत नाही. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. शाळा मिशनची, नोकरी लायब्ररीतली, सारा जन्म इंग्रजीत गेला. पण इंग्रजीत माझ्याबद्दल आधीच लिहून झालेलं आहे. तेव्हा हे मराठीत. मैत्रीला शनिवारच्या मराठी शाळेमुळे वाचता येतं, तिने फोनवर मोठ्याने वाचावं, राहुलने ऐकावं. अडेल तिथे आईला विचारा.

आधी, मी काय गात होते ते. युरोपातलं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं संगीत. त्याला अर्ली म्युझिक म्हणतात. तुमच्या आजोबांना लग्नानंतर कित्येक दिवस वाटत होतं की अर्ली म्युझिक म्हणजे पहाटे गायचं संगीत. तालमीच्या दिवशी ते मला लवकरचा गजर लावून द्यायचे. मी उठून बसायचे आणि तालीम असायची संध्याकाळी.

या संगीतात मोठा वाद्यवृंद नसतो. एखादं हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोची पणजी म्हणा, तार छेडून वाजणारी. एखादं ल्यूट, म्हणजे गिटारीसारखं जुनं तंतुवाद्य, आणि चार-पाच गळे. ऑपेरातल्या गायिका आवाज हलवतात, एका सुरावर कंप देतात, तसं इथे फारसं करत नाहीत. सूर सरळ लावायचा आणि सरळ धरायचा. ऐकायला सोपं वाटतं. गाताना कळतं की लपायला कुठे जागाच नाही.

आमच्या सोलापुरात या आवाजाला शब्द आहे. खडा आवाज.

माझे वडील मिलमध्ये मागावर काम करायचे. दिवसभर मागांच्या खडखडाटावर बोलून त्यांचा गळा असा झाला होता की घरात ते हळू बोलले तरी शेजारी उत्तर द्यायचे. संध्याकाळी ते जलशात गायचे. जलसा म्हणजे आमच्या वस्तीतला चौकातला कार्यक्रम, गाणी आणि मध्ये मध्ये सोंगं. ढोलकी, तुणतुणं, एक पेटी, वर लटकवलेली बत्ती. एप्रिलात जयंतीच्या दिवसांत तर रोज कुठे ना कुठे. त्या गाण्यांत देवाचं नाव नसायचं. मुलींना शाळेत घाला, दारू सोडा, मान खाली घालून चालू नका, हे गाण्यातून सांगायचं. माइक नसायचा. बाबा कानावर हात ठेवून पहिला सूर लावायचे आणि तो शेवटच्या घरापर्यंत जाईपर्यंत धरून ठेवायचे. मी पुढे बसलेली असायचे. एप्रिलातली तापलेली जमीन फ्रॉकमधून चटके द्यायची आणि बाबांचा सूर डोक्यावरून जायचा. वाऱ्यासारखा नव्हे. ताणलेल्या दोरीसारखा.

सोंगांत बाबांचं सोंग ठरलेलं, पुजाऱ्याचं. अंगावर पंचा टाकायचे, पोट पुढे काढायचे आणि दारात उभं राहून विचारायचे, "कोण रे तू? कुठला? आडनाव काय?" समोर हशा उसळायचा. म्हातारी माणसं सगळ्यात जास्त हसायची, कारण त्यांना तो प्रश्न खरोखरीचा विचारला गेलेला होता. माझ्या आजोबांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती. आम्ही पुढे बुद्धाच्या मार्गाला लागलो आणि देवळाकडे बघणंच सोडलं. आमच्या घराचा देवळाशी संबंध होता तो एवढाच: एक न चढलेली पायरी आणि बाबांचं सोंग.

हे सगळं मीनलला माहीत होतं.

मीनल माझी मैत्रीण. पुण्याची. स्टेट कॉलेजच्या विद्यापीठात ती जनसंवाद शिकत होती, मी ग्रंथालयशास्त्र, आणि आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. तेव्हा तिथे भारतीय दुकान नव्हतं. तुरीची डाळ कुणी पिट्सबर्गला गेलं तर यायची. मीनल कॉर्नफ्लेक्सचा चिवडा करायची आणि त्यात दाण्यांऐवजी मिळेल ते घालायची; एकदा बेदाणे म्हणून वाळवलेल्या चेरी घातल्या आणि आम्ही दोघी तो निमूटपणे खात राहिलो, कारण दुसरं काही नव्हतं. मला सर्दी झाली की ती आलं कुटायची. माझ्या गळ्यासाठी तिने आपल्या आईकडून ज्येष्ठमध मागवला होता. त्या पार्सलात तिच्यासाठी काहीच नव्हतं, फक्त माझा ज्येष्ठमध. हे मुद्दाम लिहिते आहे. तिचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये.

एका सुट्टीत आम्ही दोघी भारतात गेलो तेव्हा ती पुण्याहून सोलापूरला आमच्या घरी आली होती. आईच्या हातची शेंगाचटणी दह्यात कालवून तिने भाकरीवर भाकरी खाल्ली. संध्याकाळी मी तिला गल्लीच्या टोकाच्या बुद्धविहारात घेऊन गेले. बाबा आणि त्यांचे सोबती तिथे जलशाच्या तालमीला बसले होते. मीनल चप्पल काढून भिंतीला टेकून बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "सुमन, हा आवाज तू अमेरिकेत वाया घालवतेयस. नुसती पुस्तकं लावतेस."

त्याच शरदात तिनेच मला त्या दगडी चर्चमध्ये ओढून नेलं. वॉल्टर नावाचे एक म्हातारे प्राध्यापक तिथे जुन्या संगीताचा संघ चालवत आणि त्यांना वरच्या पट्टीची एक गायिका हवी होती. शाळेत नन्सनी शिकवलेलं लॅटिन मला वाचता येत होतं, एवढ्या बळावर मी उभी राहिले. वॉल्टर म्हणाले, काहीही गा. मला काही सुचेना. मी बाबांचा जलशातला पहिला सूर लावला आणि धरला.

वॉल्टर हार्पसिकॉर्डचा टेका घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "आवाज न हलवायला तुला कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"ते कुठे गातात?"

"रस्त्यावर," मी म्हटलं. वॉल्टरना ते आवडलं. मीनल मागच्या बाकावरून हसली.

तो शरद माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. शनिवारी तालीम असायची आणि शनिवारीच फुटबॉलचा सामना. आम्ही एखादी नाजूक ओळ हळूहळू मिटवत आणायचो, सगळे गळे एका सुरात विरत जायचे, आणि नेमकं तेव्हा लांबच्या स्टेडियममधून हजारो लोकांचा हुंकार भिंतींतून आत यायचा. वॉल्टर हात वर धरून तो संपेपर्यंत थांबायचे. मग म्हणायचे, "त्यांचा एकसूर आपल्यापेक्षा बरा आहे." हार्पसिकॉर्ड लावायला ते तासभर घ्यायचे. दोन तारा एकत्र छेडल्या की त्यांच्यामध्ये एक थरथर ऐकू येते, पाण्यावरच्या लहरीसारखी. तार पिळत आणली की लहर मंदावते आणि एका क्षणी पाणी स्थिर होतं. त्या क्षणासाठी मी लवकर जाऊन बसायचे. चर्च गारठलेलं असायचं. कोटाच्या खिशात ज्येष्ठमधाची काडी, बुटांना ओली पानं चिकटलेली, आणि समोर ते पाणी स्थिर होत जाणं.

मीनल संघाचं सगळं बाहेरचं काम बघायला लागली होती. पोस्टर, जाहिरात, कार्यक्रमपत्रिका. ती म्हणाली, "पोस्टरवर नुसतं सुमना लिहू का? आपल्याकडच्या गायिका लावतात तसं. आडनाव यांना उच्चारता येत नाही, उगाच काहीतरी कँबल-कुंबल म्हणतात." मला ते पटलं. कांबळेमधला ळ अमेरिकनांच्या तोंडी कधी नीट बसला नव्हता.

पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी, गायला उभं राहण्याआधी, मागच्या खोलीत कुणीतरी माझ्या हातात पत्रिका दिली. रेडिएटर ठोकत होता. माझ्या नावाखाली लिहिलं होतं, की भारतातल्या पुरातन मंदिरगायकांच्या घराण्यात सुमना जन्मली, आणि गाभाऱ्यातल्या गायनाची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा तिच्या आवाजात उतरली आहे.

मी ते दोनदा वाचलं. मीनल दारात उभी होती, हातात माझी शाल.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"छान झालंय ना? वॉल्टर तर खूश झालेत."

"मीनल, माझे वडील जलशात गातात."

"अगं, जलसा लिहिलं तर यांना काय कळणार? पार्टी वाटेल."

"मग समजावून सांग."

"दोन ओळींत?"

"दोन ओळींत देऊळ मावलं ना."

ती जवळ आली आणि शाल माझ्या खांद्यावर नीट करायला लागली. "चिडू नको. आवाज बसेल. इथे कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय."

मग तिने आवाज खाली आणला. मराठीत बोलत होतो, खोलीत तिसरं कुणी मराठी नव्हतं, तरी आणला. "खरं सांगू? मराठी मंडळातल्या बायका आल्यात ऐकायला. काकू आहेत, त्यांच्या दोन मैत्रिणी आहेत. मी तुला सांभाळून घेतलं, सुमन."

तोवर मला वाटत होतं की देऊळ अमेरिकनांसाठी बांधलं आहे. त्यांना भारत म्हटला की देऊळ लागतं, हे मी समजू शकत होते. पण ते दुसऱ्या बाकावर बसलेल्या तीन मराठी बायकांसाठी होतं. आडनावही त्यांच्यासाठीच गळालं होतं. ळ अमेरिकनांना जमत नाही म्हणून नव्हे. त्या बायकांना तो फार चांगला जमतो म्हणून.

मी गायले. कसं गायले ते सांगणार नाही, ते ऐकणाऱ्यांनी सांगायचं. लोक उभे राहिले एवढं आठवतं.

नंतर खालच्या हॉलमध्ये सफरचंदाचा गरम रस आणि बिस्किटं होती. काकू माझ्याकडे आल्या. स्टेट कॉलेजातल्या मराठी घरांमध्ये त्या सगळ्यात ज्येष्ठ, प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिलं वरण-भाताचं जेवण त्यांच्याकडे. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी होतं. "काय गळा दिलाय देवाने. कुठल्या देवळात गं? आमचं कुलदैवत तिकडचंच."

मीनल माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्या पाठीवर हलकेच बोट टेकवलं.

"देवळात नाही, काकू," मी म्हटलं. "माझे वडील आमच्या वस्तीत जलसा करतात. पत्रिकेत चुकलंय. मी सुमन कांबळे."

काकूंनी हात लगेच सोडले नाहीत. तेवढ्या सभ्य होत्या. "हो का?" म्हणाल्या. "छान, छान. शिकलात तुम्ही लोक, फार छान." मग मीनलकडे वळून तिला विचारलं, की यंदा थंडी लवकर पडणार म्हणतात ते खरं का. दिवाळीच्या कार्यक्रमात मी गावं असं त्यांनी आदल्याच आठवड्यात मीनलकडून कबूल करून घेतलं होतं. ते पुन्हा कधी निघालं नाही.

घरी परतताना बसमध्ये मीनल खिडकीकडे तोंड करून बसली होती. "कशाला बोललीस?" एवढंच म्हणाली. "सगळं नीट चाललं होतं."

आम्ही त्यानंतर महिनाभर एकमेकींशी फक्त भाजी आणि भाडं याबद्दल बोललो. मग तीच एक दिवस रडली, मीही रडले, आणि तिने कबूल केलं की शरदातल्या तालमींत टिपलेली संघाची रेकॉर्ड वसंतात निघणार आहे, तिच्या मागे बरोबर लिहिते. "जलसा लिहीन. समजावून लिहीन. आईची शपथ." मी वसंतापर्यंत त्या संघात गात राहिले ते त्या शब्दावर. रेकॉर्ड निघाली तेव्हा मीनल शिक्षण संपवून दुसऱ्या गावी गेली होती. मी वॉल्टरच्या खोलीत ती पालथी करून बघितली. गाभारा होता. पिढ्यान्‌पिढ्या होत्या. नाव सुमना होतं. वॉल्टरना सांगितलं तर ते म्हणाले, "मला वाटलं तुम्ही दोघींनी मिळून लिहिलंय. ती तुझीच मैत्रीण ना?"

तो संघ मी सोडला. गाणं सोडलं नाही. दिवसा लायब्ररीत पुस्तकांची वर्गवारी, शनिवार-रविवार गाणं, असं पुढे सगळं आयुष्य गेलं. ईस्टर आणि ख्रिसमस हे माझे हंगाम. शेतकऱ्याला पेरणी तसे. आधी पेनसिल्व्हेनिया, मग तुमच्या आजोबांना इकडे चिपच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा अॅरिझोना. वाळवंटातल्या चर्चमध्येही मी गायले, जिथे कोरड्या हवेने ल्यूटच्या तारा तुटायच्या. पण देऊळ माझ्या आधी पोचलेलं असायचं. एका परीक्षकाने लिहिलं की माझा आवाज ऐकताना धुपाचा वास आला. दुसऱ्याला गाभाऱ्याचा गारवा जाणवला. मी गाभारा कधी पाहिलेला नव्हता. दर वेळी मी आयोजकांना दुरुस्ती पाठवायचे, दर वेळी ते मनापासून हसून म्हणायचे, पण ते इतकं सुंदर आहे.

लायब्ररीत मी एक गोष्ट शिकले. चुकीच्या खणात ठेवलेलं पुस्तक असून नसल्यासारखं असतं. लोक त्याच्याजवळून जातात, कपाटाला हात लावतात, आणि ते त्यांना सापडत नाही. बाबा वारले तेव्हा मी इथे होते. त्यांच्या खड्या आवाजाचा या देशात एकच पुरावा होता, माझा गळा, आणि तो दुसऱ्याच खणात लागलेला होता.

आता मैत्रीच्या लिंकबद्दल. वॉल्टर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची जुनी रेकॉर्ड एका छोट्या कंपनीने आता इंटरनेटवर नव्याने आणली आणि सोबत आठवणींचा एक लेख जोडला. लेख मीनलचा. ती आता पुण्याला परतली आहे, निवृत्त आहे. मी लेख वाचला. जुन्या दोन ओळींचं तिने केवढं मोठं केलं होतं. पहाटेचं सोलापूर, गल्लीच्या टोकाचं देऊळ, समया, पांढरी फुलं, आणि मूर्तीसमोर गाणारे माझे वडील. आधी निदान मीच एकटी देवळात होते. आता बाबाही आत गेले होते.

मी तिला फोन केला. माझी संध्याकाळ, तिची सकाळ. मागे कुकरची शिट्टी.

"सुमन," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात नुसता आनंद होता. "वाचलंस ना? अगं, लिहिताना रडले मी."

"कुठलं देऊळ, मीनल?"

"असं काय करतेस? तुमच्या गल्लीतलं. तूच नेलं होतंस मला. समया होत्या, फुलं होती, मूर्ती होती. तुझे बाबा गात होते. माझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं."

"मेणबत्त्या होत्या. संध्याकाळ होती. ते बुद्धविहार होतं."

मला वाटलं, आता आठवेल.

"तेच ते गं," ती म्हणाली.

मुलांनो, हे शब्द मी पुष्कळ दिवस मनात फिरवले आहेत. त्या जुन्या शरदात ती खोटं बोलली तेव्हा तिला खरं ठाऊक होतं. त्यामुळे आम्हा दोघींमध्ये खरं कुठेतरी जिवंत होतं, झाकलेलं का होईना. आता तिला ते ठाऊकच नाही. जिथे दिवा, फूल आणि मूर्ती, ते देऊळ. जिथे गाणं, ते भजन. तिने माझ्या बाबांना उंबऱ्याच्या आत घेतलं आणि तिला वाटतं की हा त्यांचा मान झाला. ज्या दाराची सोंगं करून ते वस्तीला हसवत, त्याच दाराच्या आत.

"बदलून दे," मी म्हटलं. "एवढं एक कर."

"सुमन, माझ्या आठवणी आहेत त्या. इतक्या प्रेमाने लिहिलंय तुझ्याबद्दल, आणि तुला अजून ते जातीचंच धरून बसायचंय. किती वर्षं झाली. आता कोण बघतं असलं?"

मी फोन ठेवला. कुकरची आणखी एक शिट्टी तेवढी ऐकू आली.

कंपनीला लिहिलं. त्यांनी तत्परतेने आणि नम्रपणे उत्तर दिलं, की लेख लेखिकेचा आहे, तिच्या संमतीशिवाय त्यातला शब्द बदलता येत नाही; माझी हरकत असेल तर माझा आवाज असलेली गाणी ते काढून टाकू शकतात. गाणी राहतील तर लेखासकट.

दोन दिवस विचार केला. खिडकी उघडी ठेवून, त्या खताच्या वासात बसून. तो माझा ऐन भरातला एकमेव आवाज. बाकीचं गाणं हवेत गेलं, कुणी टिपून ठेवलं नाही. मी शेवटचं एकदा ऐकलं, डोळे मिटून. एका ठिकाणी, अगदी हळू, स्टेडियमचा हुंकारही येतो. वॉल्टरनी तो काढायला नकार दिला होता. मग कंपनीला कळवलं, काढा.

दुसऱ्या आठवड्यात मैत्रीचा फोन आला. ती बसस्टॉपवर होती, मागे गाड्यांचा आणि ओल्या रस्त्याचा आवाज.

"आजी, इट्स गॉन. गाणी गेली."

"हो. मी सांगितलं काढायला." आणि का ते सांगितलं, इथे लिहिलंय त्याहून तुटकपणे.

ती चिडली. चिडायलाच हवी होती. "यू डिलिटेड युअरसेल्फ. दॅट वॉज युअर होल करिअर, आजी." मग मराठीत, थांबत थांबत: "आवाज तर तुझाच होता ना?"

"माझा होता. म्हणून."

पलीकडे बस आली आणि गेली. ती चढली नाही.

"मी सगळ्यांना सांगितलंय की शुक्रवारी तुझ्याबद्दल बोलणार. आता काय ऐकवू? पणजोबा जे गायचे ते येतं तुला?"

"येतं."

"मग गा."

"आता?"

"आत्ता. आय हॅव टाइम."

मी स्वयंपाकघरात उभी होते. फोन ओट्यावर ठेवला, हात कानावर नेला आणि बाबांचा पहिला सूर लावला. लागला. धरता आला नाही. मध्येच फाटला, मी श्वास घेतला आणि पुन्हा लावला. मग दोन कडवी म्हटली, मुलींना शाळेत घालण्याबद्दलची. शेवटच्या ओळीला घसा बसला, ती नुसती बोलून दाखवली.

मैत्री म्हणाली, "आजी, मी रेकॉर्ड केलं. सॉरी. इज दॅट ओके?"

"केलंस ते केलंस."

"याच्या खाली काय लिहू?"

मी म्हटलं, "तुला वाटेल ते लिही. पण आधी मला वाचून दाखव."